पौष्टिक हरभऱ्याचा वाण घडवायचाय? मग आधी लोखंडी खलबत्ता बाजूला ठेवा

पहिल्याच हंगामात माझ्या हरभऱ्याच्या एका लाइनमध्ये, म्हणजे एका झाडापासून पुढं नेलेल्या वंशात, लोह शेजारच्या लाइनच्या दुप्पट निघालं. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी आमच्याकडच्या जुन्या सहायकांनी शांतपणे विचारलं, "नमुना कुटलास कशात?" म्हटलं, खलबत्त्यात, घरून आणला होता. "लोखंडी का?" पुढं कुणाला काही बोलावं लागलं नाही. ते लोह हरभऱ्याचं नव्हतं, आजीच्या खलबत्त्याचं होतं.

म्हणून या कामात नव्यानं उतरणाऱ्याला, मग तो एमएस्सीचा विद्यार्थी असो, बियाणं कंपनीत नुकता लागलेला असो की स्वतःच्या रानात निवड करू पाहणारा शेतकरी, मी सुरुवातीलाच सांगतो: संकर करायला हात आठ दिवसांत बसतो. पण कागदावर आलेला आकडा वाणाचा, मातीचा की खलबत्त्याचा, हे ओळखायला वर्षं जातात. खाली सांगितलेली बहुतेक खटपट त्या एका ओळखीसाठीच आहे.

आधी ठरवा, नेमकं काय वाढवायचं

"पौष्टिक हरभरा" हे उद्दिष्ट नव्हे, ती जाहिरात झाली. वहीच्या पहिल्या पानावर एकच गुण लिहा.

प्रथिनं म्हणाल तर लागवडीतल्या बहुतेक वाणांत ती साधारण १८ ते २२ टक्के असतात, आणि जनुक पेढ्यांमध्ये, म्हणजे बियाण्यांचे नमुने जपणाऱ्या साठ्यांत, त्याहून वरचे नमुनेही मिळतात. हरभऱ्याच्या प्रथिनात लायसीन चांगलं असतं, मेथिओनीन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी. ज्वारी-बाजरीचं नेमकं उलटं. भाकरीबरोबर पिठलं खाणाऱ्यांनी हे कोष्टक न बघताच जमवलं. पण तुमच्यासाठी त्यात एक इशारा आहे: एकूण प्रथिन वाढलं म्हणजे मेथिओनीनही त्याच मापात वाढलं, असं धरून चालू नका. ते वेगळं तपासावं लागतं.

लोह आणि जस्त ही दुसरी वाट. ढोबळमानानं लोह ४० ते ६० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), जस्त २५ ते ४५ पीपीएमच्या घरात असतं. दाण्यात असतं ते सगळं अंगी लागत नाही, कारण फायटिक आम्ल दोन्हींना धरून ठेवतं. मग फायटिक आम्लच कमी करावं का? थोडं कमी केलं तर ठीक. पण ते रोपासाठी साठवलेलं स्फुरद आहे, फार खाली नेलं की उगवण मंदावण्याचा धोका. हरभरा वातूळ म्हणतात त्यामागे रॅफिनोज गटातल्या साखरा आहेत. त्याही कमी करता येतात, मात्र सुकताना आणि साठवणीत बियाणं टिकवण्यात त्यांचाच हात असतो. दाण्यातली प्रत्येक वस्तू आधी रोपासाठी असते, आपण नंतरचे.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला प्रथिनं किंवा जस्त घ्या. लोह नको. लोहाची भेसळ कुठून कुठून होते ते पुढं येईलच.

आणि टक्क्याच्या नादात उतारा विसरू नका. एका लाइनमध्ये २० टक्के प्रथिन आणि एकरी १० क्विंटल उत्पादन, म्हणजे एकरी २०० किलो प्रथिन. दुसरीत २४ टक्के, पण उत्पादन ८ क्विंटल, म्हणजे १९२ किलो. कागदावर दुसरी भारी दिसते, पोत्यात पहिली. शेतकरी पोतं बघतो, आणि त्याचं बरोबर आहे. प्रथिनाचा टक्का चढताना उतारा किंवा दाण्याचा आकार घसरणं ही नेहमीची डोकेदुखी आहे, तेव्हा दोन्ही रकाने पहिल्या दिवसापासून शेजारी-शेजारी ठेवा.

आई-बाप निवडताना

एका बाजूला आपल्याकडे रुळलेला वाण घ्या: विजय, दिग्विजय, जाकी ९२१८, यंत्रानं काढणी करायची असेल तर उंच वाढणारा फुले विक्रम. राहुरी, अकोला, बदनापूर या केंद्रांनी मर रोगाशी झगडत हे काम केलंय, ते पायाखाली घेऊनच पुढं चाला. दुसऱ्या बाजूला गुणाचा दाता. तो मिळतो दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडून किंवा हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुक पेढीतून. इक्रिसॅटकडे हरभऱ्याचे वीस हजारांच्या आसपास नमुने आहेत. घाबरू नका, त्या साऱ्याची विविधता जेमतेम २११ नमुन्यांत आणणारा "मिनी कोअर" संच त्यांनी २००१ मध्येच मांडलाय. नवख्यानं तिथून सुरुवात करावी. बियाणं मागताना साहित्य हस्तांतरणाच्या करारावर सही करावी लागते. तो कागद जपा, पुढं वाण नोंदवताना लागतो.

हरभऱ्याचा रानटी पूर्वज, सायसर रेटिक्युलेटम, आग्नेय तुर्कस्तानात सापडतो आणि आपल्या हरभऱ्याशी त्याचा संकर जमतो. मोह होतो. पण त्याच्यासोबत जमिनीवर लोळणारं झाड, फुटून दाणे उधळणारे घाटे आणि बारीक दाणाही येतो. ही गाठ निस्तरायला बॅकक्रॉसची, म्हणजे आपल्या वाणाशी पुन्हापुन्हा संकर करण्याची, तीन-चार वर्षं जातात. पहिल्या प्रयोगात त्या वाटेला जाऊ नका.

आता एक युक्ती, जी मला कुणी आधी सांगितली असती तर वर्ष वाचलं असतं. गुलाबी फूल पांढऱ्यावर प्रभावी असतं. म्हणून मादी पांढऱ्या फुलाची आणि नर गुलाबी फुलाचा घ्या. पहिल्या पिढीच्या झाडाला गुलाबी फूल आलं की संकर खरा. पांढरं आलं की समजा, मादी कळीतले पुंकेसर (पराग देणारे नर भाग) चिमट्यानं काढताना एखादा राहून गेला होता आणि कळीनं आपलं आपण उरकून घेतलं. आपले बहुतेक देशी वाण गुलाबी फुलांचे आणि काबुली पांढऱ्या फुलांचे, त्यामुळं देशी-काबुली संकरात ही खूण आयती मिळते. दोन्हीकडं गुलाबीच असेल तर पानाच्या ठेवणीसारखी दुसरी खूण शोधा. साध्या, अखंड पानाची मादी मिळाली तर नेहमीचं संयुक्त पान तिच्यावर प्रभावी ठरतं.

कळी, चिमटा आणि आंब

संकराचा वाफा वेगळा पेरा, ऐसपैस, दोन ओळींत ६० सेंमी अंतर ठेवून, म्हणजे मध्ये बसता येईल. नर आणि मादी एकाच दिवशी फुलतील या भरवशावर राहू नका. प्रत्येकाची दहा-दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा पेरणी करा.

हरभरा स्वपरागी आहे. फूल उमलण्याआधीच आत परागकण सुटलेले असतात. त्यामुळं उमललेलं फूल मादीसाठी निकामी, आणि फार कोवळी कळी हाताळताना मोडते. हवी ती उद्या उमलणारी कळी: पाकळ्यांचं टोक हिरव्या निदलांतून नुकतं डोकावतंय, एवढीच.

डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत कळी अलगद धरा, खालची बाजू आपल्याकडं. समोरचं निदल बाजूला सारा. पाकळ्यांमध्ये सगळ्यांत आत नावेसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या असतात, चिमट्याच्या टोकानं त्या हलकेच खाली ओढा. आत दहा पुंकेसर दिसतील, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. परागकोश या वेळी फिकट, बंद असायला हवेत. पिवळी भुकटी दिसली तर ती कळी खुडून टाका. दहा मोजून काढा. मनात नको, ओठांनी मोजा. मधली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, चिमट्यानं घासली गेली तर घाटा धरणार नाही.

मग नर झाडाचं त्याच सकाळी उमलू लागलेलं फूल घ्या, पाकळ्या मागं ओढून परागकोश बाहेर काढा आणि तेच कुंचल्यासारखं कुक्षीवर टेकवा. नावेच्या पाकळ्या पुन्हा वर सारा, त्या झाकणाचं काम करतात. देठाला रंगीत दोरा, चिठ्ठीवर मादीचं नाव आधी, मग गुणिलेची फुली, मग नराचं नाव आणि तारीख. पेन्सिलनं लिहा, बॉलपेनची शाई दवानं पसरते.

हे काम करताना बोटं चरचरतात. पानांवरच्या लवेतून पाझरणारी आंब ती, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची. आमच्याकडं पहाटे रानात ओला पंचा फिरवून आंब धरतात आणि पोटदुखीवर ठेवतात. चिमट्याच्या टोकाला तीच चिकटते आणि तिला परागकण चिकटतात. म्हणून दर झाडानंतर चिमटा स्पिरिटमध्ये बुडवा, पुसा, वाळू द्या.

पाच-सहा दिवसांत घाटा धरला की नाही ते कळतं. बहुतेक धरत नाहीत. कडाक्याच्या थंडीत फुलंच गळतात, तो तुमचा दोष नव्हे. घाट्यात दाणे एक किंवा दोन. म्हणजे शंभर कळ्यांमागं मूठभरसुद्धा दाणे हाती येत नाहीत. त्या फुलोऱ्यातली बाकीची फुलं, घाटे खुडून टाका, झाडाचं बळ तुमच्या दोऱ्याच्या घाट्याकडं जाईल.

दाणा हातात आल्यावर नवखा हमखास खट्टू होतो, कारण तो हुबेहूब आईसारखा दिसतो. दिसणारच. साल आईच्या ऊतीची असते. बापाचा वाटा आतल्या डाळीत आहे.

पिढ्या पुढं नेताना

पहिली पिढी, एफ-वन, मोकळ्या अंतरावर लावा आणि फुलाचा रंग तपासा. खोटी झाडं तिथंच उपटा. दुसऱ्या पिढीत सगळं विस्कटतं: बुटकी, उंच, लवकर फुलणारी, उशिरा फुलणारी. इथं किमान दोन-तीनशे झाडं तरी हवीत.

दुसऱ्या पिढीतच प्रत्येक झाडाचं प्रथिन तपासायची घाई करू नका. एकेकट्या झाडावर वाफ्याच्या कडेचा, शेजारच्या रिकाम्या जागेचा, मुळांवर नत्राच्या गाठी किती धरल्या याचा इतका परिणाम होतो की आकडा वाऱ्यावर हलतो. शिवाय दुसऱ्या पिढीच्या झाडावरचा दाणा हा तिसऱ्या पिढीचा असतो, वहीत कुठली पिढी मोजली ते नीट लिहा. मी या टप्प्यावर फक्त रोगट, आडवी आणि उशिराची झाडं काढतो आणि उरलेल्या प्रत्येक झाडाचा एकेक दाणा पुढं नेतो. चौथ्या पिढीपासून प्रत्येक लाइनची स्वतंत्र ओळ पेरायची आणि मग मोजायला सुरुवात.

रब्बीची एकच पिढी वर्षाला मिळत असेल तर इथवर यायलाच चार-पाच वर्षं जातात. ज्यांच्याकडं नियंत्रित खोली आहे ते दिवसाला २२ तास उजेड देऊन आणि दाणे हिरवे असतानाच काढून पेरून वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत जातात. २०१८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात हरभराही होता. हरभऱ्याचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचून झाला आणि २०२१ मध्ये ३,३६६ नमुन्यांचा. पण प्रथिनासारख्या गुणामागं अनेक जनुकांचा थोडा-थोडा हात असतो, त्यामुळं मार्करची, म्हणजे जनुक ओळखायच्या खुणेची, सोय नाही म्हणून हातावर हात धरून बसू नका.

एक खबरदारी, जी कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. ढाळ्यांच्या दिवसांत प्रयोगाच्या वाफ्याला राखण ठेवा. निवडीच्या झाडाला मी ठसठशीत लाल दोरा बांधला होता. पोरांना वाटलं, ही झाडं मुद्दाम राखलेली, म्हणजे गोड असणार. संध्याकाळी बांधावर हुळ्याची राख आणि लाल दोरे. तेव्हापासून मी खुणेला मातकट दोरा वापरतो.

मोजणी: इथं थांबा, इथं वेळ घाला

मातीपासून सुरू करा. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत जस्त आणि लोहाची उपलब्धता बऱ्याचदा कमी असते. मातीपरीक्षणात जस्त ०.६ पीपीएमच्या आणि लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर जमीन कमतरतेची धरतात. वाफ्याच्या एका टोकाला पूर्वी उकिरडा असेल, तर तिथल्या सगळ्या लाइनी जस्तात श्रीमंत निघतील आणि तुम्ही वाण म्हणून उकिरड्याची निवड कराल. उपाय साधा आहे: दर दहा लाइनींनंतर एक ओळ तुल्य वाणाची, म्हणजे विजय किंवा जाकीची. तुल्य वाणाचा आकडा वाफ्यात जसा वर-खाली होतो, ती जमिनीची चाल. लाइनचं कौतुक करायचं ते शेजारच्या तुल्य वाणापेक्षा ती किती वर आहे यावरून. रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्र धरणारे जिवाणू, लावायचं तर सगळ्या बियाण्याला, नाही तर कुणालाच नाही, कारण नत्र कमी-जास्त मिळालं की प्रथिनाचा टक्का हलतो.

काढणी हातानं. मळणी यंत्रातून आलेला दाणा सूक्ष्म द्रव्यांच्या तपासणीला पाठवू नका, त्याच्या अंगावर धूळ आणि लोखंडाचा कीस असतो. घाटे कापडी पिशवीत सोलून, भरलेले सारख्या आकाराचे दाणे घ्या. किडका, आकसलेला, हिरवट दाणा वगळा. बारीक दाण्यात डाळीच्या मानानं साल जास्त येते आणि सगळी टक्केवारी फिरते. देशी हरभऱ्यात साल वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी असते, काबुलीत जेमतेम विसाव्या. त्यामुळं देशीचा अख्खा दाणा आणि काबुलीचा अख्खा दाणा यांची तुलना करण्यापेक्षा डाळीची डाळीशी करा.

दाणे डिस्टिल्ड पाण्यानं झटकन विसळा, भिजू देऊ नका, कागदावर वाळवा. दळायला लोखंड आणि पितळ वर्ज्य. प्रयोगशाळेत अगेट किंवा झिरकोनियाची भांडी असतात, तीच मागा. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं एक्स-रे फ्लुरोसेन्सचं यंत्र असेल तर दळावंही लागत नाही, अख्खा दाणा चालतो आणि दिवसाला शेकडो नमुने होतात. नमुन्यात लोहासोबत अॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम जास्त दिसलं तर ती माती समजा, लोहाचा तो आकडा खोडा.

प्रथिनासाठी जुनी खात्रीची पद्धत केल्डालची. ती प्रत्यक्षात नत्र मोजते आणि ६.२५ नं गुणून प्रथिन सांगते. जवळच्या अवरक्त किरणांवर चालणारं एनआयआर यंत्र क्षणात आकडा देतं, पण ते ज्या धान्यावर जुळवलंय तेवढंच त्याचं शहाणपण. गव्हावर जुळवलेल्या यंत्रात हरभरा घातला तरी ते बिनदिक्कत काहीतरी सांगतं. शे-दीडशे नमुन्यांतले वीस तरी केल्डालनं पडताळा.

आणि ओलावा! १२ टक्के ओलाव्याच्या दाण्यात २० टक्के प्रथिन म्हणजे सुक्या वजनावर २२.७. तोच २० चा आकडा ८ टक्के ओलाव्याला आला तर सुक्या वजनावर २१.७. पूर्ण एका टक्क्याचा फरक, आणि त्यात वाणाचा काहीही संबंध नाही. सगळे आकडे सुक्या वजनावरच लिहा.

एवढं करून वर आलेल्या लाइनी पुढच्या वर्षी पुन्हा पेरा, निदान दोन ठिकाणी: एक काळी भारी, एक मध्यम. दोन्हीकडं आणि दोन्ही वर्षी वरच्या पाचात टिकली, तर ती लाइन.

मर आणि अळी

पौष्टिक लाइन मर रोगानं वाळली तर तिची पौष्टिकता खतात गेली. निवडलेल्या लाइनी रोगग्रस्त वाफ्यात, म्हणजे जिथं वर्षानुवर्षं मुद्दाम हरभऱ्यावर हरभरा घेऊन बुरशी पोसलेली असते तिथं, तपासून घ्या. कृषी विद्यापीठांच्या कडधान्य केंद्रांवर असे वाफे असतात. घाटे अळीला दाद न देणारा हरभरा अजून कुणाच्या हाती लागलेला नाही, तेव्हा तिच्यासाठी लाइन बाद करू नका. तुल्य वाणापेक्षा जास्त पोखरली जात नाही ना, एवढं बघा.

चुलीवरची परीक्षा

प्रत्येक लाइनचे शंभर दाणे मोजून रात्रभर भिजत घाला. सकाळी न फुगलेले दाणे वेगळे काढा, हेच पुढं गणंग निघतात. नंतर सगळ्या लाइनी सारख्या पाण्यात, एकाच आचेवर शिजवा आणि ठरावीक वेळानं दाणा दोन बोटांत चुरडून बघा. आतून पांढरा, कडक ठिपका दिसेनासा झाला की ती वेळ लिहा. पन्नास मिनिटांत शिजणाऱ्या शेजारी दीड तास घेणारा दाणा कुठलीच गृहिणी दुसऱ्यांदा आणत नाही, त्यात जस्त कितीही असो.

गिरणीतून डाळीचा उतारा काढा. थोडी डाळ घरात पुरणाला द्या आणि पुरणाला चिकटपणा, रंग कसा आला ते विचारा. फुटाणे करणाऱ्या भट्टीवाल्याकडं दोन किलो घेऊन जा. दाणा फुलतो का, साल सुटते का, हे तो पहिल्या घाण्यातच सांगतो, आणि त्याचं मत मी प्रयोगशाळेच्या कागदाशेजारी टाचून ठेवतो.

नोंद आणि जपणूक

देशपातळीवर वाण प्रसारित करायचा तर अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाच्या चाचण्यांतून साधारण तीन वर्षं जावं लागतं. शेतकऱ्यानं स्वतः जपलेला किंवा घडवलेला वाण २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदवता येतो. त्यासाठी तो वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर दिसायला हवा.

स्वपरागी पीक असल्यानं हरभरा शुद्ध राखणं सोपं. पायाभूत बियाण्याला दुसऱ्या वाणापासून १० मीटर अंतर पुरतं, प्रमाणिताला ५. फुलोऱ्यात एकदा आणि घाटे भरताना एकदा वाफ्यातून फिरा, वेगळ्या रंगाचं फूल किंवा वेगळ्या ठेवणीचं झाड दिसलं की मुळासकट उपटा. दरवर्षी पेरणीआधी त्या लाइनचं पाव किलो बियाणं नीट वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, पिढी आणि वर्ष लिहून बाजूला काढा. पुढच्या वर्षीचा आकडा अचानक उसळला किंवा कोसळला, तर जुन्या डब्यातलं आणि नवं बियाणं शेजारी-शेजारी पेरून बघता येतं. दोन्ही सारखंच निघालं, तर लाइनला बोल लावू नका. त्या वर्षीचा नमुना कुणी आणि कशात दळला, ते आधी विचारा.